साठ आर कांद्यात फवारा नेमका कुठे मारायचा?

पार्श्वभूमी

नागपुरातून काटोल रस्त्यानं कळमेश्वरकडे निघालं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, संत्र्याच्या बागा, कपाशी आणि मधे मधे भाजीपाल्याचे हिरवे तुकडे दिसू लागतात. तणनाशकाच्या फवारणीचं हे प्रकरण तिथल्याच एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. ज्यांच्या वावरात हे घडलं त्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं, मीही काकाजीच म्हणते. घरात काकू, मुलगा आणि सूनबाई. भाजीपाला उत्पादकांना पिकाबद्दल सल्ला देणं हे माझं काम, आणि त्या हंगामात आठवड्यातून एकदा माझी तिथं फेरी असायची.

जमीन साडेतीन एकर, पाणी विहिरीचं. दीड एकरात, म्हणजे साधारण साठ आरात, रब्बीचा पांढरा कांदा, वाण अकोला सफेद. एक एकर टोमॅटो, काठ्यांना बांधलेला. उरलेल्यात फुलकोबी, वांगी आणि धुऱ्याच्या कडेनं सांभार-मेथीचे वाफे. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर, धुरा म्हणजे बांध.) धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा गहू.

ही मांडणी ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातूनच आली. साडेतीन एकरांत पाच-सहा पिकं असली की एकाला चालणारं तणनाशक चार पावलांवरच्या दुसऱ्याला मारतं. पन्नास एकर सोयाबीनवाल्याला हा प्रश्न पडत नाही.

आधीच्या वर्षीचा घाव

आदल्या हंगामात टोमॅटोचे शेंडे पिळवटले होते. पानं अरुंद, दोरीसारखी, शिरा एकमेकींना समांतर. देठ खाली वळलेले. काकाजींनी व्हायरस समजून पांढऱ्या माशीसाठी दोन फवारण्या केल्या. पैसे गेले, झाडं तशीच.

मी पोचले तेव्हा उशीर झाला होता, पण एक गोष्ट विचारता आली: त्याआधीची करप्याची फवारणी कुठून सुरू केली होती? ते विहिरीच्या टोकाकडून पुढे गेले होते. पिळवटलेली झाडं त्याच टोकाला सगळ्यात जास्त होती, पुढे कमी कमी होत गेली होती आणि तिसऱ्या पंपापासून, म्हणजे टाकी तिसऱ्यांदा भरल्यापासून, पीक स्वच्छ होतं. व्हायरस असा ओळीनं चालत नाही. तो माशीबरोबर येतो, इथं एक झाड, तिथं दोन, विखुरलेला. जे नुकसान पंपाच्या क्रमानं उतरत जातं, ते पंपातूनच आलेलं असतं.

मग काकाजींना आठवलं. शेजाऱ्यानं गव्हातल्या रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारायला काकाजींचाच पंप नेला होता. धुऊन परत दिला होता, साध्या पाण्यानं. २,४-डी पंपाच्या रबरात, नळीत, वायसरात बसून राहतं आणि टोमॅटो, कपाशी, मिरची ही पिकं त्याच्या अगदी थोड्या अंशानंही वाकडी होतात. कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली होतात हे आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेलं आहे. त्या पंपातून काकाजींनी करप्याचं औषध टोमॅटोवर मारलं.

"मी तं व्हायरसच समजलो होतो ना जी," एवढंच ते म्हणाले. शेजाऱ्याला त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही.

अडचण

या वर्षी त्यांना तणनाशकाचं नावही नको होतं. पण निंदणाला बाया मिळेनात. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे कांद्याचं निंदण आणि कपाशीची वेचणी एकाच वेळी येते. वेचणीची मजुरी किलोवर, निंदणाची रोजावर. हात चालणारी बाई वेचणीत जास्त कमावते, मग तिनं निंदणाला का यावं? मजूर आळशी झाले, अशी तक्रार मी फार ऐकते आणि ती मला अजिबात पटत नाही.

कांदा हे तणापुढे सगळ्यात दुबळं पीक. सरळ उभी, नळीसारखी पात जमिनीवर सावली पाडत नाही, त्यामुळे तणाला रान मोकळं मिळतं. लागवडीनंतरचे पहिले दोन महिने हातचे गेले तर गाठ पोसत नाही. एरवी काकाजी तीन निंदणं करायचे. या वर्षी एकाचीच खात्री होती.

पर्याय

पहिला पर्याय, हातानंच निंदायचं आणि जे होईल ते पाहायचं. काकूंचा कल याच्याकडे होता.

दुसरा ड्रोन. महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देणारी नमो ड्रोन दीदी योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाल्यापासून गावोगावी ड्रोनची चर्चा आहे आणि मुलाच्या मनात तो भरला होता. मी विरोध केला. ड्रोनमध्ये एकरी पाणी फार थोडं, म्हणून थेंब बारीक, शिवाय पंख्यांचा वारा. सलग एका पिकावर कीटकनाशक मारायला तो सोयीचा असेल. पण कांद्याला लागून फुलकोबी आणि फुलकोबीला लागून सांभार असलेल्या वावरात, वरून, तणनाशक? केंद्रीय कृषी मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. तिच्यातली काळजी अशा तुकड्यांत पाळायची तर ड्रोनला वळायलाही जागा उरत नाही.

तिसरा पर्याय दुकानातून आला: टोमॅटोच्या दोन ओळींच्या मधे, नोझलला हुड म्हणजे झाकण लावून, ग्लायफोसेट, म्हणजे सरसकट सगळं हिरवं मारणारं तणनाशक. यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. आपल्याकडे ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढंच आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं तर त्याचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. टोमॅटोत तणनाशक नाहीच, सायकल कोळपं चालवायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

चौथी गोष्ट मुलानं मोबाइलवर दाखवली: परदेशातलं कॅमेऱ्याचं फवारणी यंत्र. ट्रॅक्टरमागे लांब दांडी, तिच्यावर कॅमेरे. कॅमेरा तण ओळखतो आणि तेवढंच नोझल क्षणभर उघडतं. ही कल्पना भाजीपाल्यातूनच पुढे आली. कॅलिफोर्नियातल्या ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी या कंपनीनं आधी लेट्यूसची विरळणी करणारं यंत्र केलं, मग २०१७ मध्ये जॉन डिअरनं ती कंपनी ३० कोटी डॉलरहून जास्त रकमेला विकत घेतली. साडेतीन एकराला हे यंत्र येणार नाही, हे मुलालाही माहीत होतं. पण काकू तो व्हिडिओ दोनदा पाहून म्हणाल्या, "मंग हे पाहूनच मारते ना? पाहाले तं आपल्यालेबी येते."

पाचवा पर्याय तिथं सुरू झाला. यंत्र तीन कामं करतं: पाहतं, ओळखतं आणि तेवढ्यावरच सोडतं. पाहणं आणि ओळखणं काकूंना कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा चांगलं येत होतं. कोवळी हराळी आणि कांद्याचं रोप त्या वाकून न बघता वेगळं सांगायच्या. आम्हाला शिकायचं होतं ते तिसरं.

काय केलं

सुरुवात पंपापासून. तणनाशकासाठी वेगळा पंप घेतला, त्याच्या पट्ट्याला लाल कापड शिवलं आणि तो दुसऱ्या खोलीत टांगला. कुणी मागितला तरी द्यायचा नाही. सोड्यानं धुतला की पंप साफ होतो असं सांगतात, बराचसा होतोही. पण टोमॅटोच्या बाबतीत "बराचसा" पुरत नाही.

मग नोझल. कीटकनाशकाचं गोल नोझल काढून कट नोझल लावलं. त्याचा फवारा पंख्यासारखा सपाट पडतो, थेंब जाड ठेवता येतात, पट्ट्याची रुंदी मोजता येते.

त्यानंतरचा अर्धा दिवस नुसत्या पाण्यावर गेला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच सगळ्यात मोलाचा होता. लेबलवर मात्रा हेक्टरी लिहिलेली असते आणि आपण मोजतो पंपावर: "एका पंपाला एवढी झाकणं." या दोहोंच्या मधे माणसाची चाल असते, ती कुणी मोजत नाही. आम्ही पन्नास मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. नोझलमधून मिनिटाला ९०० मिली पाणी पडत होतं, पट्टा ४५ सेंटिमीटरचा. काकाजींना ते अंतर चालायला ६० सेकंद लागले, म्हणजे एका मिनिटात साडेबावीस चौरस मीटर. हिशेब हेक्टरी ४०० लिटरचा आला. मुलगा तेच अंतर ४५ सेकंदांत गेला. त्याचं हेक्टरी ३०० लिटर. पंप तोच, औषधाची झाकणं तीच, तरी बापाच्या आणि लेकाच्या चालीनं जमिनीवर पडणाऱ्या औषधात चौथ्या हिश्श्याचा फरक. काकाजींनी तो आकडा पुन्हा करायला लावला. दुसऱ्यांदाही तेवढाच आला.

ठरलं की काकाजी मारतील, काकाजींच्याच चालीनं.

आता कुठे मारायचं. लागवडीनंतर तण उगवायच्या आधी जमिनीवर मारायचं ऑक्सिफ्लोरफेन कांद्यासाठी शिफारशीत आहे. पण ते साठ आरांवर कशाला? मी काकूंना विचारलं, मागच्या साली निंदणाच्या बाया कुठं जास्त वेळ बसल्या? त्यांनी न अडखळता दाखवलं: गोठ्याकडची बाजू आणि पाटाच्या कडेचे वाफे, साधारण २५ आर. तिथं अर्धकच्चं शेणखत पडलं होतं आणि न कुजलेल्या खतातून तणाचं बी जसंच्या तसं वावरात येतं. तेवढ्यावरच फवारायचं ठरलं. सोळा लिटरचे सव्वासहा पंप.

लागवडीला पंचवीस दिवस झाल्यावर दुसरी पायरी. सूनबाईंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वाफ्यांचा नकाशा काढला. काकू वाफ्यावाफ्यातून फिरत सांगत गेल्या, सूनबाई अक्षर लिहीत गेल्या: ग म्हणजे गवत, र म्हणजे रुंद पानांचं तण, ल म्हणजे लव्हाळा. वावरात तुऱ्हाट्या रोवून त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. लाल चिंधी गवताला, पिवळी रुंद पानांना, पांढरी लव्हाळ्याला.

लाल चिंध्यांखालची जागा मोजली तर साठपैकी नऊ आर भरली. तिथं क्विझालोफॉप-इथाइल, जे गवतवर्गीय तणच मारतं आणि कांद्याला सोडतं. सगळं वावर फवारलं असतं तर १५ पंप लागले असते, लागले सव्वादोन. पिवळ्या चिंध्यांकडे खुरपं. पांढऱ्यांना हात लावला नाही, कारण लव्हाळा गवतासारखा दिसतो पण गवत नाही, त्याच्यावर हे औषध चालत नाही. दुकानदार "गवताचं औषध" म्हणून देतो आणि शेतकरी लव्हाळ्यावर मारत राहतो, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

दोन चुका

पहिली ऑक्सिफ्लोरफेनच्या दिवशी झाली. आदल्या संध्याकाळी मी फोनवर सांगितलं, "सकाळी वारा नसतो, तेव्हा मारा." हे अर्धवट सांगणं माझी चूक. नागपूरकडच्या हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि वरची हवा उबदार असते. अशा वेळी बारीक थेंब खाली बसत नाहीत की वर जात नाहीत, ते चादरीसारखे आडवे सरकतात. वारा नाही म्हणजे हवा सुरक्षित, असं नाही. ओळखायची खूण प्रत्येक गावात असते: चुलीचा धूर. धूर सरळ वर चढत असेल तर ठीक, छपरावरून निघून वावरावर आडवा पसरत असेल तर पंप खाली ठेवायचा. त्या सकाळी धूर आडवाच होता. काकूंनी तो पाहिला होता, पण त्याचा फवारणीशी संबंध आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं.

दोन दिवसांनी धुऱ्याकडच्या सांभाराच्या पाच वाफ्यांवर पांढरट, जळके ठिपके दिसले.

इथं खरा निर्णय होता. ठिपके थोडे होते. वरची पानं खुडून जुड्या बांधल्या असत्या तर नागपूरच्या भाजीबाजारात, कॉटन मार्केटमध्ये, कुणाला कळलं नसतं, आणि त्या आठवड्यात सांभाराला भाव होता. मुलगा म्हणाला, उरलेलं तर चांगलं आहे. काकाजींनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही खासान का हे?" मी नाही म्हणाले. हे औषध सांभारावर मारायचं नाहीच, त्यामुळे किती दिवसांनी ते खायला चालेल याचा आकडा लेबलवर असणार कुठून? पाचही वाफे त्यांनी कुदळीनं पालथे घातले. नुकसान त्यांचं, चूक माझी. ते दृश्य मला अजून टोचतं.

दुसरी चूक याहून गंभीर ठरली असती. नऊ आरांवर फवारणी झाल्यावर काही दिवसांनी निंदणाला बाया आल्या. आमच्याकडे निंदणाला येणारी बाई संध्याकाळी रिकाम्या हातानं जात नाही. चाकवत, घोळ, चिवळ, तांदुळजा, जे वावरात मिळेल ते ओटीत बांधून नेते आणि रात्रीची भाजी होते. मजुरीचाच तो न लिहिलेला भाग आहे. आता पाहा: क्विझालोफॉप गवत मारतं, चाकवताला काही करत नाही. लाल चिंधीखाली गवत पिवळं पडू लागलं होतं आणि त्याच्या मधे चाकवत हिरवागार, टवटवीत उभा होता. औषध त्याच्याही पानांवर पडलं होतं. नेमकं तण मारणारं औषध वापरलं, म्हणूनच खाण्याजोगं तण सुंदर दिसत राहिलं.

काकूंना ते दिसलं. दोन बायांच्या ओट्या भरल्या होत्या. काकूंनी हात धरून रिकाम्या करायला लावल्या तेव्हा एक जण रागावलीच. "इतके सालं नेतो, आताच काहून नाही म्हणता? भाजीले नाही नेणार तं काय फेकाव का?" काकूंनी पिवळ्या चिंध्यांकडच्या, काहीच न फवारलेल्या वाफ्यांतून स्वतः चाकवत खुडून दोघींना दिला. मग सगळ्यांना बसवून चिंध्यांचे रंग समजावले.

नकाशा, मोजमाप, नोझल, सगळं मी तपासलं होतं. रोज त्या वाफ्यात वाकून काम करणाऱ्या बायांचा विचार माझ्या एकाही यादीत नव्हता.

निकाल

कांद्याला तीनऐवजी एक पूर्ण निंदण आणि पिवळ्या चिंध्यांपुरती एक फेरी लागली. पात भरली, गाठ बहुतेक ठिकाणी एकसारखी आली, माल नागपूरच्या कळमना बाजारात गेला. टोमॅटोत एकही शेंडा पिळवटला नाही. त्या वर्षी करप्याच्या फवारणीचा पंप आणि तणनाशकाचा पंप एकमेकांना शिवलेच नाहीत.

खर्चात मात्र डोळे दिपवणारी बचत दाखवता येणार नाही. औषध कमी लागलं हे खरं, पण नवा पंप, नोझलं, साहित्य आलं. नकाशा आणि चिंध्यांना घरच्या दोघींचा अर्धा दिवस गेला, त्याची मजुरी कुणी धरली नाही. मी ती धरते, आणि ती धरून पहिल्या वर्षी हिशेब जेमतेम बरोबरीत सुटला. सांभाराचे पाच वाफे त्यातून वजा.

लव्हाळा वाढला. गवत आणि रुंद पानांचं तण गेल्यावर त्याला जागा, पाणी आणि ऊन सगळं मोकळं मिळालं. पांढऱ्या चिंध्यांच्या जागी गाठी लहान राहिल्या आणि काढणीच्या वेळी ते डाग आधीपेक्षा रुंद झाले होते. हे आधी कळायला हवं होतं, आणि मला ते कागदावर माहीत होतंच.

पुन्हा करायचं झालं तर

लागवडीआधी पंधरा दिवस वाफ्यांना पाणी देऊन तण उगवू द्यायचं आणि कोवळं असतानाच वखरानं मारायचं, मग रोप लावायचं. एवढं केलं असतं तर ऑक्सिफ्लोरफेन २५ आरांवरही लागलं नसतं, निदान गोठ्याकडच्या बाजूपुरतं उरलं असतं. आम्ही औषधाच्या निवडीपासून सुरुवात केली. सुरुवात पाण्यापासून करायला हवी होती.

फवारणी धूर वर चढू लागल्यावर, साधारण नऊनंतर, आणि वारा पानं हलवण्याइतका हलका पण एका दिशेचा असताना. सांभार-मेथी धुऱ्याकडून काढून टोमॅटोच्या पलीकडे. कांदा आणि पालेभाजी यांच्या मधे वांग्याच्या दोन ओळी.

फवारणीच्या आदल्या दिवशी बायांना बोलावून लाल चिंध्यांखालची भाजी आधी काढून न्यायला सांगायची. चिंध्या कांदा निघेपर्यंत काढायच्या नाहीत.

शेजाऱ्याशी बोलायचं. हे काकाजींनी त्याच हंगामात केलं. मागच्या वर्षीचं काही न काढता ते त्याच्याकडे जाऊन म्हणाले, गव्हात मारायच्या दिवशी मला एक फोन कर, मी टोमॅटोकडची हवा पाहतो. तो आता फोन करतो.

लव्हाळ्यासाठी मे महिन्यात पांढऱ्या चिंध्यांच्या जागा खोल नांगरून गाठी उन्हात उघड्या टाकल्या. नागपूरचं मेमधलं ऊन त्या वाळवतं, पण एका वर्षात सगळ्या मरत नाहीत. सूनबाईंनी नव्या कॅलेंडरच्या मागे तोच नकाशा पुन्हा काढून ठेवला आहे. पावसाळ्यात त्यातल्या किती वाफ्यांत लव्हाळा वर येतो, त्यावर पुढच्या वर्षी तिथं कांदा लावायचा की नाही ते ठरेल.